शीनचा एक दात

आमच्या आडनावात खेळ नव्हता, खेल होता. पण चौसाळ्याच्या शाळेत माझं नाव घालायला दादामियाँ, म्हणजे माझे आजोबा, मला घेऊन गेले तेव्हा गुरुजींना ते पटलं नाही. 'शमीम युसूफखान मुरादखेल' असं दादामियाँनी तीनदा सांगितलं, गुरुजींनी तीनदा मान हलवली आणि शेवटी रजिस्टरात आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'मुरादखेळ'. म्हाताऱ्याचा उच्चार आपण सुधारून घेतला, असंच त्यांना वाटलं असणार. तेव्हापासून मधल्या सुट्टीत पोरं माझ्यामागं ओरडायची, "मुराद, खेळ की बे! कावून बसलायस?" मी रडत घरी यायची. दादामियाँ म्हणायचे, "रडतीस काय? खेल म्हंजी खानदान. मुरादखानाची औलाद ती मुरादखेल. सांग त्यांना, आमी खेळत न्हाई, आमी राज्य करतो." हे मी एकदा शाळेत सांगूनही बघितलं. त्यानंतर पोरं मला 'राणीसरकार' म्हणायला लागली. त्यापेक्षा खेळ बरा होता.

आमचं राज्य म्हणजे हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या तीन खोल्या, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली दादामियाँची बाज. माणसं तीन. दादामियाँ, अम्मी आणि मी. माझे अब्बा मी पाच वर्षांची असताना ट्रकखाली गेले. त्यांचा चेहरा मला फोटोतला आठवतो, त्यांच्या हाताला येणारा डिझेलचा वास मात्र मला स्वतःला आठवतो. अम्मी शिलाई करायची. दिवसभर आतल्या खोलीत मशीन खडखडत असायचं आणि बाहेर रस्त्यावर ट्रकचे हॉर्न. त्या दोन आवाजांची मला इतकी सवय होती की पुढे हॉस्टेलवर गेले तेव्हा शांततेत झोपच येईना. घरात आम्ही दखनी बोलायचो, तीही निम्मीअर्धी मराठी. गावात दादामियाँ गावासारखंच बोलायचे. पण स्वतःला मात्र पठाण म्हणवून घ्यायचे नाहीत. "पठान तर गल्लोगल्ली हायेत," म्हणायचे, "आमी मुरादखेल."

तहसील कचेरीत त्यांनी उभी हयात दफ्तरखाना सांभाळला होता. निजामाच्या वेळचे उर्दू कागद तेवढे त्यांनाच वाचता यायचे. कागदात खाडाखोड दिसली की ते तो बाजूला सारायचे. "खाडलेला कागद म्हंजी खोटा कागद," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही शाळेतल्या मुलींच्या वहीत गिरवलेलं अक्षर दिसलं की माझा हात थबकतो. ज्वारीच्या भाकरीला ते नान म्हणायचे. गुळाच्या कोऱ्या चहात वेलदोडा टाकून त्याला कहवा म्हणायचे. अम्मी पदर तोंडाला लावून हसायची आणि भाकरी थापता थापता विचारायची, "अब्बा, नान आणखी एक देऊ का?"

पुश्तू भाषेतलं एकच वाक्य आमच्या घरात शिल्लक राहिलं होतं. बाहेरून कुणी आलं की म्हणायचं, 'स्तडे मशे', म्हणजे थकू नकोस. त्यावर आलेल्यानं म्हणायचं, 'ख्वार मशे', म्हणजे कंगाल होऊ नकोस. दादामियाँ हे सगळ्या गावाला म्हणायचे. समोरच्या किराणा दुकानाचे बसवंतआप्पा रोज सकाळी कपाळाला भस्म लावून शटर उघडायचे आणि तिथूनच ओरडायचे, "सडेमाशी, खानसाब!" दादामियाँ बाजेवरून हात वर करायचे. आप्पांना त्याचा अर्थ माहीत होता का कोण जाणे. रामराम तशी सडेमाशी.

दर शुक्रवारी नमाज झाली की खिचडी आणि चिंचेच्या खट्ट्याचं जेवण व्हायचं आणि मग खुंटीवरची पत्र्याची नळी खाली यायची. त्या नळीत आमचा शजरा होता. शजरा म्हणजे वंशावळ. पिवळा पडलेला लांब कागद, वरून खाली तेरा नावं. पहिलं मुरादखानाचं, शेवटचं माझ्या अब्बांचं. दादामियाँ एकेका नावावर बोट ठेवायचे आणि गोष्ट सुरू व्हायची. मुरादखान हा सरहद्दीकडच्या कुठल्याशा खोऱ्यातला साधा माणूस. तीन गावांचं एका ओढ्याच्या पाण्यावरून भांडण होतं, माणसं मरत होती. त्यानं एका दगडाला तीन खाचा पाडल्या, तो ओढ्यात बसवला आणि रात्रंदिवस त्याच्यापाशी बसून राहिला. पाणी तीन वाटांनी सारखं गेलं. तेव्हा सगळ्या जमातीच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या डोक्याला पगडी बांधली. त्याच्या मुलानं, दिलावरखानानं, दोन किल्ले घेतले. दारात नगारा आला. नातवाला, गुलखानाला, चुलतभावानं मेजवानीत खरबुजातून विष घातलं. तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्याकडचं खरबूज खायला बंदी होती. इतक्या पिढ्यांनंतर, चौसाळ्यात! मी शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी खाल्लं होतं, चांगलं गोड होतं.

गुलखान गेला तेव्हा त्याची दोन्ही पोरं लहान होती. त्याच्या बायकोनं नवऱ्याचा झगा अंगावर घालून बारा वर्षं किल्ला धरला. पडद्याआडून निवाडे दिले. तिच्या वेळेला खोऱ्यात चोरी झाली नाही, असं दादामियाँ छाती फुगवून सांगायचे.

"तिचं नाव काय होतं?" मी एकदा विचारलं.

"नाव?" ते गडबडले. "शाहबाजखानाची आई."

"पण नाव?"

"बायांची नावं शजऱ्यात नसतात, बेटा. पुढं ऐक."

पुढं म्हणजे आमच्याकडं. पोरं मोठी झाली, जमातीच्या म्हाताऱ्यांचा जिरगा बसला आणि पगडी थोरल्याला बांधली गेली. धाकटा शाहबाजखान एक शब्द बोलला नाही. शजऱ्याची नक्कल घेतली, घोड्यावर बसला आणि निघाला तो थेट दकनमध्ये, निजामाच्या रोहिल्या फौजेत. त्याचे आम्ही. इथे आल्यावर गोष्ट भराभर संपायची, कारण पुढच्या नावांनी काही केलं नव्हतं. कुणी जमादार होता, कुणी इनामाची जमीन विकली. दादामियाँचं बोट तिथून पटापट खाली सरकायचं आणि अब्बांच्या नावावर येऊन थांबायचं. त्याखाली चार बोटं मोकळी जागा होती. ती जागा माझी, असं मी ठरवून टाकलं होतं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण नातू नव्हता म्हणून दादामियाँनी उर्दू मला शिकवली होती, बोरू माझ्या हातात आला होता, तेरा नावं पाढ्यांसारखी मला पाठ होती. मग चौदावं नाव कुणाचं असणार? मी पाटीवर माझं नाव उर्दूत पुन्हा पुन्हा काढायची. त्याचं पहिलं अक्षर शीन. ते तीन बारीक दातांनी सुरू होतं. ते तीन दात सारखे आले पाहिजेत, एवढीच मला काळजी असायची.

मी अकरावीत गेले तोवर गाव बदलायला लागलं होतं. पानटपरीवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, ढाब्यांवर रंगीत बाटल्यांच्या थंड पेयांचे फ्रीज आले. महादेवाच्या देवळात संध्याकाळी हातानं वाजणारा नगारा गेला आणि विजेवर चालणारं यंत्र आलं. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांज सगळं एकदम. त्याआधी तो नगारा सुरू झाला की दादामियाँ बाजेवर ताठ बसायचे. "आपल्या दारातबी असाच वाजायचा," म्हणायचे. यंत्र आल्यावर ते आरतीच्या वेळेला आत जाऊन बसायला लागले. आणि आप्पांनी दुकानाच्या कोपऱ्यात काचेची खोली करून टेलिफोनचा बूथ टाकला. पिवळी पाटी लागली त्या दिवशी दादामियाँनी मला ती दोनदा वाचायला लावली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, कानही जड झाले होते. "परदेशातबी लागतो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांच्याजवळ एक नंबर होता. आमच्या भागातून जो कुणी हजला जाई त्याला ते निरोप द्यायचे, तिकडचे लोक भेटले तर मुरादखेल विचारा. वीस-पंचवीस वर्षं ते हेच सांगत होते आणि लोक हो हो म्हणून निघून जात होते. शेवटी कडा गावाकडच्या एका हाजींना मिनाच्या तंबूत त्या खोऱ्यातला माणूस भेटला. म्हणाला, खानांचं घर आहे, अजून पगडी आहे, बैठकीत फोनसुद्धा आहे. त्यानं खजुराच्या पुडक्याच्या कागदावर पत्ता आणि नंबर लिहून दिला. तो कागद दादामियाँनी शजऱ्याच्या नळीत ठेवला होता. एका शुक्रवारी त्यांनी इस्त्रीची शेरवानी घातली, अत्तर लावलं आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला.

आप्पांनी नंबर बघितला आणि कागद खाली ठेवला. ते दिवस वाईट होते. मुंबईत जे झालं होतं त्यानंतर आमच्यासारख्या गावातही माणसं एकमेकांकडे जरा जपून बघत होती.

"खानसाब, ह्यो तिकडचा नंबर हाय," आप्पा हळूच म्हणाले. "उद्या फौजदार इचारील, कुणी लावलता म्हणून."

"माझं नाव सांगा."

"तुमचं सांगून काय करू? दुकान माझं हाय." पण मग आप्पांनी रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांना "जरा थांबा" म्हणाले आणि रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं. "लाव पोरी," मला म्हणाले. "म्हाताऱ्याचं एवढं तरी होऊ दे."

फोन अकराव्या की बाराव्या वेळेला लागला. मी रिसीव्हर दादामियाँच्या कानाला लावला. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले, "स्तडे मशे!" पलीकडून लगेच उत्तर आलं. 'ख्वार मशे' एवढं मला शेजारी उभ्या उभ्याही ऐकू आलं. दादामियाँचा चेहरा असा उजळला की आप्पाही हसले. पण मग पलीकडचा माणूस पुश्तूत भडाभडा बोलत सुटला. दादामियाँ 'हां, हां' म्हणत राहिले. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. आपली भाषा आपल्याला येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण ते असं कानात पहिल्यांदाच शिरत होतं. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि काचेच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

मी उर्दूत बोलले. तिकडून कुणी वयस्कर माणूस आला, त्याला उर्दू येत होती. मी सांगितलं, आम्ही दकनमधून बोलतोय, गुलखानांचे धाकटे शाहबाजखान इकडे आले होते, त्यांचे आम्ही. तो "ठहरो" म्हणाला. बराच वेळ नुसती खरखर आली. मग कागद उलगडल्यासारखा आवाज आणि त्याचं बोलणं, "हां, लिखा है. गुलखान के दो बेटे. शाहबाजखान, लावलद." आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

लावलद हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. जमादार, बहादूर असा काही किताब असेल असं मला वाटलं. मी काचेचं दार उघडून ओरडले, "लिहिलंय! दादामियाँ, त्यांच्या कागदात शाहबाजखानांचं नाव लिहिलंय!" पुढचा शब्दही सांगणार होते, पण ते तिथेच साखरेच्या पोत्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आप्पांनी बरणीतल्या रेवड्या काढून सगळ्या गिऱ्हाइकांना वाटल्या. "सडेमाशी, खानसाब, सडेमाशी," म्हणत त्यांच्या पाठीवर हात फिरवला. त्या गडबडीत तो शब्द सांगायचा राहून गेला. घरी अम्मीनं गोड शिरा केला. दादामियाँनी तिला सगळं तीन वेळा सांगितलं. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी नवा जाड कागद आणला. तिकडच्या शजऱ्यात शाहबाजखानाच्या पुढचं काहीच नसणार, तर ते आपण लिहून पाठवायचं, म्हणजे दोन्ही कागद पुरे होतील. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून लिहायचं मी. लिंबाखाली पाट मांडला, दौत ठेवली, बोरू तासला. आत मशीन खडखडत होतं. ते एकेक नाव सांगत होते, मी लिहीत होते. अक्षर त्या दिवशी फार सुंदर लागत होतं.

"सरवरखान," ते म्हणाले. ते स्वतः. मी लिहिलं.

"युसूफखान." मी लिहिलं.

"आता त्याच्या खाली लिही."

मी वाट बघितलीच नाही. बोरू शाईत बुडवला आणि शीनचा पहिला दात काढला.

"लिही, लावलद."

माझा हात थांबला. "म्हंजी काय, दादामियाँ?"

"म्हंजी औलाद न्हाई. पोरगा झाला न्हाई, खानदान तिथं थांबलं. कागदात तसं लिवायचा रिवाज हाय. जागा मोकळी सोडली तर उद्या कुणीबी येऊन घुसंल."

"अन् मी?"

"तू तर हायसच की माझ्यापाशी," ते हसून म्हणाले. "तू हायस म्हणून तर ह्यो कागद होतोय, बेटा."

आतलं मशीन थांबलं. अम्मी दारात आली. तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. "अब्बा," ती म्हणाली, "पोरगी समोर बसलीय."

"म्हणून तर समजून सांगतोय. चूक व्हायला नको."

अम्मीनं माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. मशीन लवकर सुरू झालं नाही. आणि मला बूथमधला तो आवाज पुन्हा ऐकू आला. शाहबाजखान, लावलद. म्हणजे तिकडच्या कागदात आम्ही कुणीच नव्हतो. घोड्यावर बसून गेलेल्या धाकट्याची खबर आली नसेल, कुणी तरी एक शब्द लिहून ती ओळ बंद करून टाकली असेल. दादामियाँ, त्यांचा बाप, त्याचा बाप, सगळे त्या एका शब्दाखाली गाडले गेले होते, जसा तोच शब्द आता मला लिहायचा होता. मी एक वाक्य बोलले असते तर दादामियाँ तिथल्या तिथे गप्प झाले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी आज कबूल करते. पण त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती, अधू डोळे आनंदानं मिचमिचत होते. मी लिहिलं, लावलद. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी सगळी नावं वाचली, तो शब्दही वाचला. "शाबास," ते म्हणाले, "माझ्या युसूफचंच अक्षर हाय."

लिफाफा मी बंद केला, पत्ता लिहिला आणि स्टँडवरच्या लाल पेटीपर्यंत गेले. टाकला नाही. पुढे मी सगळ्यांना हेच सांगत आले की तिकडून खरं उत्तर आलं असतं तर म्हातारा उन्मळून पडला असता, म्हणून नाही टाकला. ते खरंच आहे. पण आता पन्नाशी उलटल्यावर स्वतःशी तरी खोटं कशाला बोलू? मला राग आला होता. ज्या कागदात मी नाही तो कागद कुठेच पोचू नये, असं मला त्या पेटीसमोर वाटलं होतं. दया किती आणि राग किती, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ते वाट बघत बसले. पोस्टमनची सायकल लिंबाखालून गेली की विचारायचे, "स्तडे मशे. आलं का काय?" तो म्हणायचा, "न्हाई, खानसाब, आज न्हाई." परदेशातलं पत्र, वेळ लागणारच, असं ते अम्मीला समजावायचे. मला कधी विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. मी त्यांना जेवायला वाढायची, पाय चेपायची, शुक्रवारी तेरा नावं म्हणून दाखवायची आणि दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं. पुढच्या थंडीत ते गेले. जायच्या दोन दिवस आधीही सायकलचा आवाज ऐकून त्यांनी उशीवरून डोकं उचललं होतं. मयतीला आप्पा डोक्याला रुमाल बांधून कबरस्तानापर्यंत आले. सगळ्यांनी माती दिली, आप्पांनीही दिली आणि वाकून म्हणाले, "सडेमाशी, खानसाब." त्याचा अर्थ थकू नका असा आहे, हे मी आप्पांना नंतरही सांगितलं नाही. मीच तिथे उभी राहून मनात उत्तर दिलं.

पुढे मी शिक्षिका झाले, माजलगावला. नोकरी लग्नाआधीची, म्हणून सेवापुस्तकावर शाळेच्या दाखल्यावरचंच नाव आहे, शमीम युसूफखान मुरादखेळ. त्या खानदानाच्या नावाशी माझं नाव जोडलेलं तेवढंच, आणि तेही गुरुजींच्या चुकीसकट. दुरुस्त करून घ्या, असं ऑफिसातले लोक म्हणायचे. मी राहू दिलं.

लिफाफा अजून पत्र्याच्या नळीत आहे. मध्यंतरी उघडला. शाई फिकी झालेली नाही. युसूफखान, त्याखाली लावलद, आणि त्या शब्दाच्या आधी एक बारीकसा उभा फराटा. पाहणाऱ्याला वाटेल बोरू घसरला असेल. मी दौत काढून बसले. उरलेले दोन दात आणि तीन अक्षरं, कितीसा वेळ लागणार होता? अडवायला कुणी नव्हतं. पण खाडलेला कागद दादामियाँनी कधी खरा मानला नाही. दौतीचं झाकण लावलं, कागद गुंडाळून ठेवला. शीनचा तो एक दात तसाच आहे. त्यांच्या शजऱ्यात मी तेवढी आहे.